तुझ्या एकावर मी गिरवलेला आठ

प्रिय हौसा,

पुण्याहून धाडलेल्या त्या चार-पाच कार्डांनंतर तुला हे पहिलंच पत्र. तीही कार्डं काय कार्डं होती! 'पावसाचं माप रोज घेतेस ना, तारीख घालायला विसरू नकोस, प्रकृतीस जप.' प्रकृतीस जप हे शेवटी, जागा उरली तर. तू जाऊन दोन वर्षं होत आली आणि आज मला तुझ्याशी बोलायचं सुचतंय म्हणून रागावू नकोस. कारणच तसं घडलंय. आज दुपारी मला कळलं की अकरा वर्षांपूर्वी तू बरोबर होतीस आणि मी चुकलो होतो.

कुठल्या दिवसाबद्दल बोलतोय ते तुला सांगायला नको. तरी सांगतो. सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. तसाही आज घास म्हणजे सकाळचं पिठलंच आहे, आणि ते तू केलेलं नाही.

मोठ्या दुष्काळानंतरचा तो हिवाळा आठव. उपग्रहानं काढलेले ढगांचे फोटो कसे वाचायचे याच्या शिक्षणाला मला पुण्याला बोलावलं. सहा आठवडे! मॅट्रिक झालेला हवामान निरीक्षक मी, आपल्या दोन खोल्यांपलीकडच्या त्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतले तापमापक वाचून तार करणारा. मला कोण आनंद झाला होता. माझ्या जागी नेमलेला बदली माणूस तिसऱ्याच दिवशी तापानं आडवा झाला. वर कळवलं असतं तर मला अर्ध्यातून परत यावं लागलं असतं. मी कळवलं नाही. तुला निरोप धाडला की तूच नोंदी घे आणि कुणाजवळ बोलू नकोस.

तसं तुला शिकवायचं फारसं राहिलंच नव्हतं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला तू माझ्यासोबत त्या पेटीपाशी यायचीस. 'कोंबड्यांचं खुराडं' म्हणायचीस तिला. आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती भाग ढगांनी झाकलेत ते लिहायचं, हे मी तुला मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं, तेव्हा तू हसलीस.

"भाकरीचं चार तुकडं, आन् त्येचं परत दोन-दोन. ह्यात शिकायचं ते काय?"

खरंच काही नव्हतं! मला मात्र त्या आठ भागांची सवय व्हायला दोन महिने लागले होते. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

पुण्याचे ते दिवस मी कसल्या धुंदीत काढले म्हणून सांगू! अमेरिकेचा उपग्रह डोक्यावरून जायचा, यंत्रातून ओला कागद सरकत बाहेर यायचा आणि त्यावर अख्खा हिंदुस्थान. पण त्या फोटोवर गावांची नावं नसतात की नकाशाच्या रेघा नसतात. उपग्रह किती वाजून किती मिनिटांनी गेला ते पाहून, तक्त्यावरून हिशेब करून, पारदर्शक कागदाच्या आधारानं अक्षांश-रेखांशाच्या रेघा आपणच मारायच्या. आमचे शिकवणारे बोकांडीच बसायचे. "आधी किनारा शोधा, मग रेघा मारा. मिनिटांवर विसंबू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. प्रत्येकाला सरावासाठी फोटो मिळाले, त्यावर मी रेघा मारल्या आणि कोल्हापूरच्या जागी तांबड्या पेन्सिलीनं फुली केली. प्रत्येक फोटोवर. शेजारचा नागपूरकर मला हसायचा, "अहो, तुमचं कोल्हापूर काही पळून जात नाही."

गेलं की हो पळून, एका फोटोत. आणि मला पत्ता नाही.

परत आलो ती दुपार. तू दारातच पायांवर पाणी घातलंस. मी चहाही न घेता फोटोंची गुंडाळी जमिनीवर उलगडली, चार कोपऱ्यांवर तांब्या, वाटी, अडकित्ता आणि तुझं पोळपाट ठेवलं. तू पदर खोचून शेजारी बसलीस. "ह्यो धुरळा म्हंजे ढग व्हय? आन् ह्यो काळा समिंदर? अगंबया! मग आपण कुटं?" मी तांबड्या फुलीवर बोट ठेवलं. तू किती तरी वेळ त्या फुलीकडं बघत होतीस.

मग मला हुक्की आली. म्हटलं, हिच्या नोंदी फोटोंशी ताडून बघू. तू नोंदवही आणलीस. एक तारीख जुळली. दुसरी जुळली. चार-पाच जुळल्या तशी मी तुझ्या पाठीवर थाप मारली. तू लाजलीस आणि मान वळवून म्हणालीस, "मग! मी काय येडी हाय व्हय!" हौसा, आपल्या संसारातला तेवढा क्षण कुठं थांबवता आला असता तर! कारण त्याच्या पुढचीच तारीख जुळली नाही.

फोटोत फुलीवर गच्च पांढरं होतं. आठातले आठ भाग. तुझ्या नोंदीत एक. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथं काही लिहायची गरज नसते, तिथं तुझ्या बाळबोध अक्षरात, 'पन्हाळ्याच्या मागं लांब पांढरी कड. डोईवर कायबी न्हाई.'

"त्या दिवशी गेली नव्हतीस ना बाहेर?" मी विचारलं.

"गेलतो की."

"मग हे काय? हा फोटो त्याच सकाळचा आहे."

"मला काय ठावं. म्या दिसलं त्ये लिवलं."

"उपग्रह खोटं बोलतो होय?"

"उपग्रहाचं मला काय इचारतासा? आभाळ काय माज्या बापाचं हाय, मनाला यील तसं लिवायला?"

इथं तरी मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो. सहा आठवड्यांची विद्या अंगात आली होती ना! मी म्हणालो, "चौथी शिकलेल्या बाईवर सोपवलं, माझीच चूक झाली." आणि तुझ्यासमोर दौत काढून तुझ्या एकावर आठ गिरवला. तुझा शेरा खोडला. एवढा जाड खोडला की मागच्या पानावर शाई उतरली.

आमच्या कामात याच्याइतकं मोठं पाप नाही. चूक सुधारायची तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे, बाजूला सही करायची. आकड्यावर आकडा गिरवायचा नाही. हे मी किती जणांना शिकवलंय! आणि महिनाअखेरीस नोंदवहीची प्रत पुण्याला गेली ती माझा आठ घेऊन.

तू उठलीस, चुलीवर तवा टाकलास. त्या रात्री भाकरी नेहमीसारखीच पातळ होती, मी मुद्दाम बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी पेटीपाशी उभा राहिलो आणि तू आली नाहीस. म्हटलं, स्वयंपाकात असशील. संध्याकाळीही आली नाहीस. नऊ वर्षं, हौसा. नऊ वर्षं तू त्या पेटीपाशी पाऊल ठेवलं नाहीस, आणि 'का येत नाहीस' हे मीही विचारलं नाही. मला वाटायचं, तू एकदा भांडशील आणि मिटेल. तू का भांडली नाहीस? बाकी कशावरून भांडायला तू कधी मागं सरायची नाहीस! बाजारातल्या माळणीपासून माझ्या थोरल्या भावापर्यंत सगळ्यांना सरळ करायचीस. मलाच तेवढं का सोडून दिलंस?

त्यानंतर मी मोठा माणूस झालो. रविवार आला की काखेत फोटो मारून गावोगाव. शाळेत, चावडीत, गुऱ्हाळावर. हिवाळ्यात अवचित पाऊस आला की गुऱ्हाळवाल्यांची उसाची चिपाडं भिजतात, मग जळण नाही आणि रस आटवायची काहील थंड. म्हणून समुद्रावर ढग जमला तर तो फोटोत कसा दिसतो हे त्यांना दाखवायचो. हातकणंगल्याजवळ तुझ्या माहेरी गेलो तेव्हा तुला ओढून नेलं होतं. तुझा भाऊ, तात्या, गुळाच्या वाफेत उघडाबंब उभा. फोटो उलटा धरून म्हणतो, "दाजी, ह्यात आमचं गुऱ्हाळ कुटं दिसतंय?" सगळी माणसं हसली. मी म्हटलं, "तात्या, ह्यात अख्खा जिल्हा नखाएवढा आहे." तर तो म्हणाला, "मग नखाएवढाच पाऊस पडू दे म्हणावं." बायकांत बसून तूही हसलीस. तुझं हसू मला लांबून ओळखू आलं.

तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं, फोटू एक म्हनतुया आन् आपलं डोळं दुसरं म्हनत्यात, तर मग खरं कुनाचं धरायचं?"

"फोटोचं!" मी खडा आवाज लावून सांगितलं. "डोळा चुकतो. यंत्र चुकत नाही."

तू मान खाली घातलीस. मी ते बघितलं, हौसा. बघितलं आणि पुढचा फोटो काढला.

तुझ्या शेवटच्या आठवड्याचं तर मला लिहवत नाही. काविळीनं तू हळदीसारखी झाली होतीस. दवाखान्यात पाच वाजले की मला हाकलायचीस. "जावा. तुमचं खुराडं वाट बघत आसंल." मी जायचो, नोंद घ्यायचो, तार द्यायचो, परत यायचो. एका संध्याकाळी परत आलो तर तू विचारलंस, "कसं हाय आभाळ?"

नऊ वर्षांनी! नऊ वर्षांनी तू मला आभाळ विचारलंस आणि मी काय म्हणालो? "आहे तसंच." दमलो होतो, डबा आणायचा राहिला होता, डॉक्टरांना गाठायचं होतं. तीन भाग होते गं त्या दिवशी, तीन. खाली ढगांचे छोटे पुंजके आणि वर एक लांबट पांढरी पट्टी. सांगायला किती वेळ लागला असता? तू कूस बदललीस. परत विचारलं नाहीस.

आता आजचं.

समोरच्या वहिनींकडे टीव्ही आलाय. बातम्यांच्या शेवटी आपल्या देशाच्या स्वतःच्या उपग्रहानं काढलेलं ढगांचं चित्र दाखवतात. गल्लीतली सगळी मंडळी दाटीवाटीनं बसतात आणि मी म्हणजे त्यांचा घरचा जाणकार. परवा वहिनी विचारतात, "भावजी, उद्या पापड घालू का वाळत?" मी म्हटलं, "वहिनी, उपग्रहाला तुमचे पापड माहीत नाहीत." सगळे हसले. चित्र संपलं, मी चपला घातल्या, आठ पायऱ्या उतरून घरी आलो आणि कुलूप काढलं. कुलूप काढायची सवय मला अजून होत नाही. दार उघडंच असायचं.

सोमवारी इथं नव्या निरीक्षकांचं शिक्षण आहे. पुण्याहून साहेब येणार. सकाळी वर्ग, आणि दुपारी शेतकऱ्यांना व शाळेच्या पोरांना फोटो दाखवून मी भाषण करायचं. माझ्या निवृत्तीला सात महिने उरलेत, तेव्हा हे माझं शेवटचंच. नव्या लोकांत पन्हाळ्याकडचे एक प्राथमिक शिक्षक आहेत. ते काल कागद न्यायला आले होते. जाता जाता दारात घुटमळले.

"साहेब, एक इचारू का? मी गावाला गेलो तर नोंद कोण घेणार? आमची मंडळी हाय घरात. चौथी झालीया. तिनं माप घेतलं तर चालतंय का?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "हे शिकलेल्या माणसाचं काम आहे."

मास्तर 'बरं' म्हणून गेले. मी दार लावलं आणि माझेच शब्द माझ्या कानात वाजत राहिले. काल रात्री नीट झोप नाही.

म्हणून आज जेवण झाल्यावर ट्रंकेतून जुने फोटो काढले. भाषणासाठी निवडायचे होते. तो फोटो हातात आलाच. नको वाटलं, पण भिंग लावलं. आणि पहिल्यांदाच, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, मी फुली सोडून बाकीचा फोटो बघितला. वरच्या बाजूला काठेवाडचा किनारा. ढग नाही, धुकं नाही, आ वासल्यासारखा तो किनारा स्वच्छ दिसतोय. आणि माझ्या रेघांप्रमाणे तो आहे कुठं? पार पूर्वेला सरकून गुजरातच्या पोटात!

मी किनारा शोधलाच नव्हता, हौसा. मिनिटांवर विसंबलो होतो.

पारदर्शक कागदावर नव्या रेघा काढल्या, काठेवाडावर काठेवाड नीट बसवलं आणि मग कोल्हापूर शोधलं. मी फुली केली होती तो भरसमुद्र होता. खरं कोल्हापूर दोन बोटं पूर्वेला, काळ्या, मोकळ्या जमिनीवर. डोईवर कायबी न्हाई. आणि ढगांची कड कोकणच्या किनाऱ्यावरून उभी गेलेली, आपल्याकडून बघितलं तर बरोबर पन्हाळ्याच्या मागं.

उपग्रह खोटं बोलला नव्हता. तूही नाही. तुम्हा दोघांचं एकच म्हणणं होतं. त्यानं वरून बघितलं, तू खालून बघितलंस. मधे मी बसलो होतो, माझी फुली घेऊन.

मी घरभर फिरलो. हे कुणाला सांगू? सांगण्यासारखं एकच माणूस होतं. समोर जाऊन वहिनींना सांगावं असं वाटलं, पण त्यांना काय समजणार? त्या म्हणतील, भावजी, एका आकड्याचं एवढं काय? चारचौघांसारखं नवऱ्यानं बायकोला एकदा वाकडं बोलणं, त्याचं एवढं काय? एवढंच आहे की तुझ्या त्या सहा आठवड्यांत तू काही तरी होतीस, निव्वळ माझी बायको नव्हतीस, आणि मी ते शाईनं पुसलं. तुला लेकरू नव्हतं, शिक्षण नव्हतं. एक आभाळ होतं, तेही मी काढून घेतलं. आणि माफी मागायची तर तू नाहीस. तात्याला पत्र लिहावं म्हटलं, तर तो आधी मला बडवील आणि मग जेवायला घालील. तेही चाललं असतं.

साडेपाचला नोंद घेऊन आलो आणि हे लिहायला बसलो.

आता माझा शब्द ऐक. सोमवारी वर्गात मी ती जुनी नोंदवही उघडणार. शेजारी तो फोटो ठेवणार, माझ्या चुकीच्या रेघांसकट. साहेबांसमोर सांगणार की त्या सहा आठवड्यांत तिसऱ्या दिवसापासूनच्या नोंदी बदली माणसाच्या नव्हत्या, माझ्या बायकोच्या होत्या, हौसाबाईंच्या. सह्या मी ठोकल्या. ही एक नोंद खरी होती आणि मी ती खोटी केली. मग सगळ्यांदेखत माझ्या आठावर एकच आडवी रेघ मारून एक लिहीन, शेरा शब्दाला शब्द परत लिहीन, तुझ्या 'न्हाई'सकट, आणि तसंच पुण्याला लेखी कळवीन. साहेब काय करतील ते करोत. नोकरीच्या शेवटच्या वर्षात चौकशी लागली तर लागू दे. भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. वाटते. पण त्या सकाळी तू एकटी पेटीपाशी उभी राहिलीस, कुणी विचारायला नव्हतं, कुणी बघत नव्हतं, आणि तरी दिसलं तेच लिहिलंस. मला निदान तेवढं जमलं पाहिजे.

दुपारी शेतकऱ्यांना सांगेन की फोटो आणि डोळे भांडायला लागले तर आधी फोटोवर रेघा मारणाऱ्याला धरा.

आणि पन्हाळ्याच्या मास्तरांना सगळ्यांच्या आधी, वर्ग सुरू व्हायच्या आधी गाठेन. म्हणेन, मास्तर, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. मंडळींना आजच सोबत आणायला हवं होतं, आता पुढच्या खेपेला नक्की आणा. रीतसर त्यांचं नाव लिहून घेऊ. आणि त्यांनी लिहिलेलं तुम्हाला पटलं नाही, तरी खोडू नका.

फार उशिरा शहाणा झालेला,
तुझा
श्रीपती